सेकंडहँड मॅन्युअल गाडी: गिअरबॉक्स उतरवायच्या आधी काय काय बघायचं

जुनी मॅन्युअल गाडी घेतली की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, 'साहेब, क्लच प्लेट गेलीय, गिअरबॉक्स उतरवायला लागेल.' (क्लच प्लेट म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारी, घासून झिजणारी चकती.) कधी ते खरंही असतं. पण कितीतरी वेळा दोष असतो पायाखालच्या मॅटमध्ये, नाहीतर केबलमध्ये, नाहीतर वर्षानुवर्षं न बदललेल्या ऑइलमध्ये, आणि त्याचा खर्च शेकड्यात नाहीतर फारतर हजार-दोन हजारात असतो. म्हणून हा लेख एकाच क्रमाने लिहिलाय: स्वस्त गोष्ट आधी तपासायची, महाग गोष्ट शेवटी. डोक्यात आपल्याकडच्या रोजच्या गाड्या आहेत, अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय१०, जुनी सिटी असल्या, पण लॉजिक सगळीकडे तेच.

आधी घेतानाचं बघू, कारण जी गाडी घेतलीच नाही तिचा क्लच आपल्याला बदलायला लागत नाही.

गाडी बघायला जाताना

मालकाला किंवा डीलरला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गार गाडीचे गिअर गरम गाडीपेक्षा जास्त खरं बोलतात. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर समजा कोणीतरी आधीच फिरवून आणलीय.

मग दार उघडून आधी पेडल बघा. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, एका कोपऱ्यात घासून पत्रा दिसतोय आणि मीटर मात्र ३० हजार किलोमीटर दाखवतंय, तर दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, आणि रबर सहसा बोलत नाही. अर्थात नवीन रबर बसवून घेणारेही असतात, म्हणून गिअर नॉब, स्टिअरिंग आणि ड्रायव्हर सीटची कड पण बघा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन हिस्ट्री विचारता येते, तिथे शेवटच्या सर्व्हिसचं रीडिंग मिळालं तर मीटर मागे फिरवलंय का ते लगेच कळतं.

आता खाली वाका आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर पाय ठेवायची जागा बघा. तिथे फ्लोअरला भोकं बुजवल्याच्या खुणा किंवा ब्रॅकेटचे ठसे दिसले तर ती गाडी ड्रायव्हिंग स्कूलची असू शकते, त्यांच्याकडे इन्स्ट्रक्टरच्या बाजूला जादा पेडल बसवलेले असतात. शिकाऊ पायांनी वापरलेला क्लच कसा असेल ते वेगळं सांगायला नको. टुरिस्ट परमिटवरून प्रायव्हेट करून घेतलेल्या गाड्याही बाजारात असतात, ते आरसीवरून आणि आरटीओच्या नोंदीवरून कळतं. टुरिस्टची गाडी वाईटच असते असं मी म्हणणार नाही, हायवेवर पळालेला क्लच शहरात रखडलेल्या क्लचपेक्षा चांगला असतो, फक्त किंमत त्या हिशोबाने द्या.

पुराची गाडी हा आपल्याकडचा मोठा विषय आहे. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चं कोल्हापूर-सांगली, २०२१ चं चिपळूण, दर वेळी पाण्यात गेलेल्या गाड्या नंतर कुठेतरी विकायला येतातच. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेष राहिलेली असते. सीटच्या बोल्टवर गंज, कार्पेटच्या खाली बारीक गाळ, स्टेपनीच्या खड्ड्यात माती, आणि आत जरा जास्तच अत्तराचा वास, असं सगळं एकत्र दिसलं की हात जोडून निघा. अशा गाडीत क्लच आणि गिअरबॉक्सच काय, वायरिंगसुद्धा पुढची दोन वर्षं डोकं खातं.

क्लचची टेस्ट, गाडी जागेवर उभी असताना

सपाट जागा, पुढे मागे कोणी नाही याची खात्री, हँडब्रेक घट्ट. गाडी चालू करा, क्लच दाबून तिसरा गिअर टाका, आणि अगदी थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन गुदमरून लगेच बंद पडेल, आणि बंद पडणं हीच पास झाल्याची खूण. पाय पूर्ण वर आला तरी इंजिन आरामात घुमतंय आणि गाडी जागची हलत नाही, म्हणजे प्लेट घसरतेय. (गाडी पुढे सरकायला लागली तर प्रश्न हँडब्रेकचा आहे, तो वेगळा.) ही टेस्ट एकदाच करा, पाच वेळा केलीत तर चांगली प्लेट तुम्हीच जाळाल.

मग रस्त्यावर जा. चौथ्या गिअरला चाळीसच्या आसपास असताना थोडा चढ बघून एक्सलरेटर एकदम दाबा. आरपीएमचा काटा सटकन वर गेला आणि स्पीड तिथेच राहिला की क्लच स्लिप मारतोय. कात्रज किंवा खंबाटकी चढताना 'गाडी उचलत नाही' अशी तक्रार असते ना, त्यात कितीतरी वेळा पिकअपचा दोष नसतो, हाच असतो, आणि वर पोचल्यावर जळक्या ब्रेकसारखा वास येतो.

क्लच कुठे पकडतो तेही बघा. केबलवाल्या गाडीत (जिथे पेडल तारेने क्लच ओढतं) पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच गाडी हलत असेल तर प्लेट झिजलीय किंवा केबलला ॲडजस्टमेंट हवीय, आणि नेमका इथेच फसायला होतं कारण दोन्हींचं लक्षण एकच. केबल ॲडजस्ट करून फरक पडला तर वाचलात. हायड्रॉलिक क्लचमध्ये (तारेऐवजी नळीतल्या फ्लुइडच्या दाबावर चालणारा) मात्र पकडायची जागा बघून प्लेटचा अंदाज बांधू नका, ती सिस्टीम झीज आपोआप भरून काढते, त्यामुळे तिथे स्लिपची टेस्टच खरी.

गिअर पडत नाही, तेव्हा

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि सगळ्यात जास्त चुकीचे पैसे जातात तेही इथेच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिलं काम, इंजिन बंद करा. गाडी उभी, क्लच दाबा, आणि पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर टाकून बघा. (एखादा बंद गाडीत दात समोरासमोर आल्यामुळे अडला तर क्लच सोडून परत दाबा.) मग इंजिन चालू करून तेच करा.

बंद असताना सगळे लोण्यासारखे पडतायत आणि चालू असताना अडतात, रिव्हर्सला तर कर्रर्र आवाज येतो, तर गिअरबॉक्स बहुतेक ठीक आहे, क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. आता क्लच का सुटत नाही? इथे क्रम पाळा.

सगळ्यात आधी मॅट काढून टाका. हो, मॅटच. हल्ली जाड सेव्हन-डी मॅट घालायची फॅशन आहे, आणि त्यावर परत रबरी मॅट, त्यावर पावसाळ्यात पेपर. पेडल खालपर्यंत जातच नाही, मग क्लच सुटणार कसा. मॅट काढून बघा, फरक पडला तर विषय तिथेच संपला, आणि गॅरेजवाल्याला चहाचेही पैसे द्यावे लागले नाहीत.

तरी अडत असेल तर केबल. केबलवाल्या गाडीत केबल ताणली जाते, आतून गंजते, पेडल जड होतं आणि सोडल्यावर हळू वर येतं. कधीकधी केबलच्या तारा एक एक करून तुटत जातात आणि मग एक दिवस सिग्नलला पेडल खाली जातं ते येतच नाही. जड झालेली केबल ऑइल घालून थोडे दिवस चालते, पण मी तर नवीनच टाका म्हणेन, पूर्ण क्लच सेटच्या तुलनेत केबल म्हणजे काहीच नाही.

हायड्रॉलिक असेल तर बॉनेट उघडून फ्लुइडची पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची बाटली एकच असते, त्यामुळे पातळी कमी दिसली तर नुसतं वरून ओतून मोकळे होऊ नका, कुठून गळतंय ते शोधलं पाहिजे, तिथे ब्रेकचाही प्रश्न आहे. पेडल स्पंजसारखं लागतंय, दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडतो, अशी लक्षणं असतील तर लाइनमध्ये हवा आहे नाहीतर मास्टर (पेडलकडचा) किंवा स्लेव्ह (क्लचकडचा) सिलिंडरचं रबर गेलंय. फ्लुइड काळं झालं असेल तर बदला, ते हवेतली ओल शोषतं, साधारण दोन वर्षांनी बदलावं. ग्रेड बाटलीच्या झाकणावर लिहिलेली असते, डॉट ३ किंवा डॉट ४.

हे सगळं ठीक असूनही क्लच सुटत नसेल तर मग प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी), रिलीज बेअरिंग आणि फोर्क (पेडल दाबल्यावर ती सोडवणारे) अशी आतली मंडळी, आणि तिथे गिअरबॉक्स उतरवण्याला इलाज नाही.

आता दुसरी शक्यता, इंजिन बंद असतानाही गिअर अडतोय. मग क्लचला हात लावू नका. गिअर लिव्हरखालचे बुश (सांध्यातल्या छोट्या रिंगा), लिंकेज (लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतचे दांडे) किंवा गिअर केबल बघायची. लिव्हर खिचडीत चमचा फिरवल्यासारखा सैल हलत असेल, कुठला गिअर पडलाय तेच कळत नसेल, तर बुश गेलेत. बुशचा सेट स्वस्त असतो आणि बदलला की गाडी नवीन वाटते, जुन्या गाडीवर केलेल्या खर्चात इतकं समाधान देणारं दुसरं काम मला माहीत नाही.

आणि तिसरी शक्यता, बाकी सगळे नीट, फक्त दुसऱ्या गिअरला खर्र. हा सिंक्रोचा मामला, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या आतल्या रिंगेचा. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो बहुतेक आधी जातो कारण शहरात पहिला-दुसरा, पहिला-दुसरा हेच चालतं. सकाळी गार असताना पहिल्या दोन-तीन किलोमीटरला दुसरा जरा जड पडतो आणि नंतर मऊ होतो, तर घाबरू नका, ऑइल गार असतं, नाशिक-महाबळेश्वरच्या थंडीत जास्तच जाणवतं. गरम झाल्यावरही खर्र येतंय तर आधी गिअर ऑइल बदलून बघा आणि मगच सिंक्रोचं बोला. तोपर्यंत दुसरा टाकताना न्यूट्रलला क्षणभर थांबा, घाईत ढकलू नका.

रिव्हर्सचं मात्र वेगळं आहे. खूप गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका. तरी अडला तर आधी पहिला टाकून मग रिव्हर्स. याला दोष म्हणू नका आणि यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

गिअर ऑइल, ज्याच्याकडे कोणी बघत नाही

इंजिन ऑइल सगळे बदलतात, गिअर ऑइल विचारलं की उत्तर येतं 'ते लाइफटाइम असतं.' कोणाचं लाइफ ते सांगत नाहीत. हिस्ट्री माहीत नसलेल्या जुन्या गाडीत एकदा ते बदलूनच घ्या. ग्रेड गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० सारखं ऑइल लागतं आणि महत्त्वाचं म्हणजे जीएल-४ (हा ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-४ च. दुकानदार 'जीएल-५ त्याच्यापेक्षा भारी आहे' म्हणून देतो, पण जीएल-५ मधली काही ॲडिटिव्ह पितळी सिंक्रोला मानवत नाहीत, शिवाय ते जास्त गुळगुळीत असल्याने सिंक्रोची पकड कमी पडते. दोन्हीला चालतं असं कंपनीने स्पष्ट लिहिलं असेल तरच घ्या.

बदलताना एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगा, आधी वरचा भरायचा नट उघड, मग खालचा. वर्षानुवर्षं न उघडलेला वरचा नट जाम असेल आणि खालून ऑइल आधीच सोडलं असेल तर गाडी तिथेच अडकते. बहुतेक गाड्यांत डिपस्टिक नसते, भरायच्या भोकातून बाहेर यायला लागलं की पातळी बरोबर. निघालेलं ऑइल बघा, खालच्या नटाला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाची बारीक पेस्ट चालते, पण नखाएवढे धातूचे तुकडे दिसले तर विकणाऱ्याला फोन लावायची वेळ आली.

आवाज ऐकून ओळखायचं

गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. क्लच दाबला की घरघर सुरू होते आणि सोडला की जाते, तर रिलीज बेअरिंग. उलटं असेल, म्हणजे क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबला की शांत, तर गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून ताकद आत घेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. हे दुसरं बऱ्याच जुन्या गाड्यांत थोडं थोडं असतंच आणि वर्षानुवर्षं चालतं, आवाज वाढत नसेल तर कानाडोळा करा.

स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट-कट आवाज येतोय, तर गिअरबॉक्सशी संबंध नाही, बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा चाकाकडचा सांधा. त्याचं रबरी बूट फाटतं, ग्रीस उडून जातं, धूळ-पाणी आत जातं. फाटलेलं बूट वेळेत बदललं तर जॉइंट वाचतो, म्हणून सर्व्हिसला गाडी लिफ्टवर चढली की स्वतः खाली जाऊन बघा.

निघताना गाडी थरथरते, झटके मारते, त्यात आधी इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बघायचं. बॉनेट उघडून एकाला आत बसवा, ब्रेकवर पाय ठेवून त्याने क्लच किंचित सोडायचा, इंजिन जागेवरून खूप उसळी घेत असेल तर माउंटिंग गेलंय. माउंटिंग ठीक असेल तर प्लेटवर ऑइल आलं असेल किंवा फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचं जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) तापून डाग पडले असतील.

एका गोष्टीत मात्र चालढकल नको. घाटात उतरताना एक्सलरेटर सोडला की गिअर आपोआप उडून न्यूट्रलला येतो, तर माउंटिंग आणि लिंकेज लगेच बघा, आणि तिथे काही सापडलं नाही तर गिअरबॉक्स उघडाच. लिव्हर हाताने धरून वर्षभर चालवणारे लोक आहेत, पण उतारावर इंजिनचा ब्रेक (गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला धरून ठेवतं तो) अचानक जाणं म्हणजे थट्टा नाही.

क्लच बदलायची वेळ आलीच तर

हायवेवरची गाडी लाखभर किलोमीटर एका सेटवर सहज काढते, आणि घोडबंदर किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर रखडलेली ४० हजारातही संपते, त्यामुळे 'इतक्या किलोमीटरला बदला' असा नियम नाही. पण बदलताना पूर्ण सेट बदला, प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवायची असते, बेअरिंगचे पैसे वाचवून तेच बेअरिंग सहा महिन्यांत ओरडलं तर पूर्ण मजुरी परत. गिअरबॉक्स खाली असतानाच इंजिनच्या मागचं ऑइल सील आणि एक्सल सील बघून घ्या, फ्लायव्हीलला चरे पडलेत का बघा, आणि गिअर ऑइल नवीन भरा. काही डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे झटके गिळणारं, दोन भागांचं) असतं, ते क्लच सेटपेक्षाही महाग पडू शकतं, म्हणून असली गाडी घ्यायच्या आधीच त्याचा भाव काढून ठेवा. पार्ट तुमच्या समोर सीलबंद बॉक्समधून निघू दे आणि जुना सेट डिकीत टाकून घेऊन या. नवीन सेटवर पहिले काही शे किलोमीटर जोरात रेस नको, घाटात भरलेली गाडी नको.

कागदपत्रं इथला विषय नाही, तरी दोन ओळी: फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलायचे आरटीओचे फॉर्म) सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नसतं, आरसीवर तुमचं नाव येईपर्यंत पाठपुरावा करा. लोन असेल तर फॉर्म ३५ (आरसीवरची लोनची नोंद काढायचा) आणि बँकेची एनओसी, इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या, आणि जुने ई-चलन पैसे द्यायच्या आधी बघा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

चालवायच्या सवयी

क्लचवर पाय ठेवून चालवू नका, पेडलवर नुसतं वजन असलं तरी बेअरिंग घासत राहतं. चढावर सिग्नलला हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं बंद करा, हँडब्रेक ओढा, निघताना क्लच पकडायला लागला की हँडब्रेक सोडा. गिअर लिव्हरवर हात टेकवून ठेवायचीही सवय सोडा, आतल्या फोर्कवर भार येतो.

आणि न्यूट्रलमध्ये घाट उतरणं. बोरघाटात अजूनही लोक पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये पाय सोडून उतरलात तर कॉम्प्युटर इंजिनचं पेट्रोल जवळजवळ बंदच करतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं. म्हणजे पैसे वाचत नाहीत आणि ब्रेक तापतात. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरला उतरा.

सीएनजीवाल्यांना चढावर पिकअप कमी मिळतं, मग लोक क्लच खेळवतात. त्याऐवजी लवकर खालचा गिअर टाका.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटू शकते, पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही. लगेच गिअरबॉक्स काढायला देऊ नका. समोर मोकळं मैदान बघा, इंजिन आधी थोडं गरम करून बंद करा, दुसरा गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून ठेवा आणि स्टार्टर मारा, गाडी हलायला लागेल, मग क्लच दाबलेला ठेवूनच थोडी रेस द्या-सोडा, मधे ब्रेकला हलका स्पर्श करा. बहुतेक वेळा टक् करून सुटते. गर्दीच्या पार्किंगमध्ये हे अजिबात करू नका, प्लेट सुटेपर्यंत क्लच दाबून गाडी थांबत नाही.

बॅटरी गेली तर धक्का स्टार्ट, जो ऑटोमॅटिकवाल्यांच्या नशिबात नाही. चावी ऑन करा, डॅशबोर्डचे दिवे लागले पाहिजेत, अजिबातच लागत नसतील तर ढकलून उपयोग नाही कारण इंजेक्शन आणि फ्युएल पंपाला थोडा तरी करंट लागतो. दुसरा गिअर टाका, क्लच दाबून ठेवा, मागून दोन-तीन जणांना ढकलायला सांगा, गाडी पळायच्या वेगाला आली की क्लच झटकन सोडा आणि इंजिन पकडताच परत दाबा. दोन-तीन प्रयत्नांत झाली नाही तर सोडून द्या, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लागते. चालू झाली की घरी जाऊन बंद करू नका, सरळ बॅटरीवाल्याकडे न्या.